पह्यलं केसर, मंग आपलं नाव

चंद्रपूर
११ नोव्हेंबर २०२४

दामिनीबाई,

निकेशचा नमस्कार. पत्रूच्या हाती चिठ्ठी आली म्हणून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा होता तसाच. फोन काऊन नाई केला म्हणशील. तुह्या आंबेटोल्यात फोन लागते फक्त तलावाच्या पाळीवर, अन् तू पाळीवरून बोलली का अर्ध्या गावाले ऐकू जाते. इकडे आमचा हॉल उघडा, नवे साहेब काचेमागं बसतात, कान आमच्याकडे. म्हणून तांदळाच्या गाडीवाल्या पत्रूलेच पोस्टमन केला.

तर काम असं आहे. उन्हाळ्यात प्रफुलभाऊनं कंपनी नागपूरवाल्यायले विकली. मिलवरची पाटी गेली, पोत्यावरचं नाव गेलं. आता राह्यलं ते कॉम्प्युटरच्या आतलं. सकाळी मशीन उघडताना आपण टाकतो ना, पह्यलं केसर, मंग तिरपी रेघ, मंग आपलं नाव. ते पह्यलं नाव म्हणजे डोमेन. कंपनीच्या साऱ्या मशिनी त्या एका नावाखाली नांदतात. मशीन सकाळी उठली का चंद्रपूरच्या मोठ्या मशीनले विचारते, मी तुमचीच ना? मोठी म्हणते, हो, केसरची. तवा कुठी तुले आत घेते. ते नाव आता बदलायचं आहे. नवं नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं. अर्थ काय ते साहेबालेच ठाऊक.

हे काम सहसा कोणी करत नाई. शहाणे लोक नवं घर बांधतात अन् सामान हलवतात. आपल्या साहेबाले उभ्या घराचंच नाव बदलून पायजे, अन् तेही धानाच्या हंगामात. मी नाई म्हणून पाह्यलं. ते म्हणाले, मग कोणी दुसरा करील.

येत्या रविवारी करतो. तुह्याकडून एवढंच पायजे. मशीन चालू ठेवजो अन् मागची नेटची निळी वायर काढजो नको. ती आपोआप बंद होऊन उठेल, एकदा नाई, दोनदा. पह्यल्यांदा नवं नाव ऐकते, दुसऱ्यांदा अंगवळणी पाडून घेते. तू फक्त बसून राहा, कीबोर्ड बडवू नको. सगळ्या मशिनी झाल्या का मी शेवटचा झाडू मारतो, म्हणजे जुनं नाव पुसून टाकतो. त्यानंतर जी मशीन जुन्याच नावानं राह्यली असेल, तिची हाक कोणी ऐकणार नाई.

अन् एक. नव्या नावाखाली कोणतं धान खरेदी केंद्र आलं, कोणतं नाई, ते साहेब स्वतः पाहणार आहेत. मले त्याचा वास काही चांगला येत नाई. तुह्या खुर्चीचा प्रश्न आहे असं समजूनच वायर सांभाळजो.

ज्यायचं हे नाव, त्या केसरबाईले इतक्यात काही सांगू नको. प्रफुलभाऊ सांगतील आपल्या आईले त्यायचं ते.

तुझा
निकेश


आंबेटोला
१५ नोव्हेंबर

निकेश,

चिठ्ठी भेटली. लेका, तू माह्या मावशीचा पोरगा आहे का त्या साहेबाचा? खुर्चीचा प्रश्न म्हणे. खुर्चीचा धाक मले दाखवते का? ते खुर्ची मले साहेबानं नाई दिली. मी सासरहून आली तवा माह्या बापाच्या घरी, इस्तारी ढिवराच्या घरी, जाळं वाळवाले जागा होती, मले नव्हती. केसरबाईनं दारातून हात धरून आणलं, अन् तिच्या नवऱ्याची, बापूरावची हाताची खुर्ची होती त्याच्यावर बसवलं. बापूराव तसेच उभे राह्यले बिचारे. त्या दिवशी त्यायनंच मले शिकवलं, पह्यलं केसर, मंग आपलं नाव. मले इंग्रजी अक्षर येत नव्हते तवा मी ते चित्र काढल्यासारखं पाठ केलं होतं.

अन् तू म्हणते तिले सांगू नको. कसं नाई सांगू? रोज सकाळी मी कुलूप उघडलं का ती येते, जय भीम म्हणते, माह्या मागं उभी राहते. मी मशीन उघडते. तिले इंग्रजी येत नाई, पण पह्यलं अक्षर ओळखते. म्हणते, ते एक उभी काडी अन् दोन तिरप्या काड्या, ते माहं. ते पडलं का बाकावर जाऊन बसते, पान लावते, अन् लोकायले दटावत राहते का धान वाळवून आणत जा बाप्पा, ओलं काय आणता. बापूराव गेल्यापासून एक दिवस चुकली नाई. नवरा गेला, कंपनी गेली, पोरगा नागपूरले. आता ते काड्यायचं अक्षर बी घेता का तिचं? काय पाप केलं तिनं?

मले एक सांग. तुमच्या तिकडच्या साऱ्या मशिनी बदला, माह्या बापाचं काय जाते. पण आंबेटोल्याची एक मशीन जुन्या नावानं राह्यली तर कोणाच्या पोटात दुखते? बापूरावनं इथूनच तर कंपनी सुरू केली. एक राहू दे ना गा.

इकडे हत्ती आले आहेत. छत्तीसगडकडून आलेला कळप अजून इथंच फिरून राह्यला, बांध्यायमधलं उभं धान तुडवलं. तारेचा शॉक लागू नये म्हणून साजच्याले गावाची लाईन बंद ठेवतात. तर तुह्या रविवारचं काय होते ते पाहा.

मावशीले गुडघ्याले लावाले मोहाचं तेल पाठवते, पत्रूनं रस्त्यात सांडलं नाई तर.

दामिनी


चंद्रपूर
२१ नोव्हेंबर

दामिनीबाई,

तेल भेटलं. अर्धं पत्रूच्या सीटले लागलं, आता त्याची गाडी कधी दुखणार नाई.

रविवारी काम झालं. माझा जीव मुठीत होता. एक आकडा चुकला असता तर सोमवारी सकाळी कोणाचीच मशीन उघडली नसती, अन् मी तुह्यासोबत पाळीवर बसून मासे मोजले असते. पण झालं. आरमोरीच्या मिलमधल्या साऱ्या मशिनी एकामागून एक झोपल्या अन् उठल्या. सिंदेवाहीचं केंद्र जेवणाच्या आधी आलं. मोहर्लीच्या हॉटेलायले तांदूळ जाते तिथलं दुकान बी आलं. माझ्या स्क्रीनवर जे येते ते हिरवं होते. एक आंबेटोला तेवढा राखाडी आहे, सोमवारपासून रोज पाहतो, राखाडीच. हत्तीपायी लाईन नसेल, दुसरं काय.

तू विचारलं, एक मशीन जुन्या नावानं राह्यली तर काय बिघडते. बाई, नाव तुह्या मशीनमध्ये नाई आहे. ते आहे चंद्रपूरच्या मोठ्या मशीनमध्ये. तुह्या मशीननं कितीही केसर केसर म्हटलं, तरी ओ देणारी आता दुसऱ्या नावानं बसली आहे. थोडे दिवस जुन्या आठवणीवर चालेल. पण पावती निघायची नाई, काट्याचं वजन इकडे यायचं नाई.

आता जे सांगतो ते मले सांगायची मनाई आहे. मंगळवारी साहेबानं बोलावलं. म्हणाले, जे केंद्र जोडलेलं नाई, ते चालू आहे असं धरायचंच कशाला? आरमोरी जवळच आहे, लोक आणतील तिथं. आंबेटोल्याकडे त्यायचा डोळा आधीपासून होता, त्यायले निमित्त पायजे. मी म्हटलं, साहेब, तिकडे हत्ती आहेत, थोडं थांबा. झाडू मी अजून मारला नाई. रोज विचारतात, रोज काहीतरी सांगतो. आज म्हटलं बॅकअप चालू आहे. उद्या काय म्हणू ते सुचून नाई राह्यलं.

मी धाक नाई दाखवत गा बाई. डोंग्यातून शाळेत जाताना तू मागं राह्यली का मी मावसाले दोर सोडू देत नव्हतो, तसाच थांबून आहो. पण डोंगा माझा नाई. दिवसा लाईन असली का मशीन लाव, दोनदा उठू दे, अन् मले कळव. केसरबाईसाठी जीव तुटते तुझा, मले कळते. माझाही तुटते. पण खुर्ची राह्यली तर तिच्याजवळ कोणी बसलेलं तरी राहील.

निकेश


आंबेटोला
२६ नोव्हेंबर

निकेश,

झालं रे बाबू. दिवसा लाईन होती, मशीन लावली. दोनदा झोपली, दोनदा उठली, तू म्हटलं तशीच. आता लिहून टाक आंबेटोला झालं म्हणून, अन् तुह्या साहेबाले दाखव. मार तुझा झाडू. माह्यापायी किती दिवस खोटं बोलशील, तुले बोलता बी येत नाई नीट.

गावात मंडईची जत्रा झाली. पाव्हणे इतके का पाय ठेवाले जागा नाई. पत्रूनं नाटकात राजाचं काम केलं. मिशी अर्धी पडली तरी भाषण सोडलं नाई त्यानं. केसरबाईले खुर्ची दिली होती पुढं, पण ती बायायमध्ये सतरंजीवरच बसली. भल्ली हसली बाप्पा. बापूराव गेल्यापासून इतकी हसलेली मी पाह्यली नव्हती.

तिची काळजी नको करू. आजही आली, माह्या मागं उभी राह्यली. मी मशीन उघडली, काड्यायचं अक्षर पडलं, तशी जाऊन बाकावर बसली. रोजच्यासारखं सगळं.

मावशीले म्हणजो, पुढच्या फेरीत बोडीतले मुरेल मासे पाठवते.

दामिनी


चंद्रपूर
३० नोव्हेंबर

दामिनीबाई,

तुझी चिठ्ठी वाचली अन् छातीवरचा धोंडा उतरला. स्क्रीनवर आंबेटोला अजून राखाडीच दिसते, पण तुमच्याकडची लाईन मी काय ओळखत नाई का? तुह्या शब्दापुढं माझ्या स्क्रीनची काय बिशाद. साहेबाले सांगितलं, आंबेटोला आलं. सगळं झालं. मग झाडू मारला. एक ओळ लिहायची अन् बटन दाबायचं, एवढंच असते. दाबल्यावर थोडा वेळ हात तिथंच राह्यला. मी कामाले लागलो तवा बापूरावच्या हाताखालीच लागलो, ते नाव टाकूनच रोज आत गेलो. आजही बोटं आधी तिकडेच गेली. मशीन म्हणाली, असं कोणी नाई.

असो. तुझी खुर्ची वाचली. मासे पाठव, आई वाट पाहून राह्यली.

निकेश

ताजा कलम, त्याच दिवशी साजचे. गाडी उद्या निघते म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. साहेबानं दुपारी स्वतः स्क्रीन पाह्यला. आंबेटोला नाई. मले बोलावलं अन् विचारलं, तुम्ही पाहून सांगितलं का ऐकून? मी म्हटलं, ऐकून. त्यायनं समोरची फाईल ओढली. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी तुझी चिठ्ठी पुन्हा काढली. काड्यायचं अक्षर पडलं म्हणते तू. बाई, नव्या नावात ते अक्षरच नाई. मशीन खरंच दोनदा उठली असती तर ते पडलं कसं? इतक्या साध्या गोष्टीवर माझी नजर गेली नाई, कारण चिठ्ठी तुझी होती. खरं काय ते लिही. आता लपवून काही उपयोग नाई.


आंबेटोला
४ डिसेंबर

निकेश,

तुले समजलंच आहे. वायर मी काढली होती. तुझा रविवार होता त्याच दिवशी सकाळी केंद्र उघडून काढली अन् पोत्यायच्या थप्पीमागं ठेवली. हत्ती खरे होते, पण वायर हत्तीनं नाई काढली.

तुझी दुसरी चिठ्ठी वाचून मी घाबरली नाई असं नाई. पण मले वाटलं, लिहिलं म्हणजे झालं. इथी तर तसंच चालते ना गा. सर्वेवाला येते, पाळीवर बसून चहा पिते, घरोघरी फिरलो म्हणून लिहिते, अन् ते होऊनच जाते. कोणी पाहाले येत नाई. मी म्हटलं, माहा निकेश लिहील का आंबेटोला झालं, तिकडे खुर्ची राहील. अन् इकडे मशीनवर केसर राहील. दोन्ही राहतील. मले काय ठाऊक तुमच्या मशिनीले खोटं चालत नाई म्हणून. तुले तोंडघशी पाडलं मी. तू माह्यापायी दोर धरून बसला अन् मीच सोड म्हटलं.

मशीन अजून केसरनंच उघडते. पण वायर काढली त्या दिवसापासून पावती निघत नाई. लोकायनं धान आणलं, काट्यावर ठेवलं, वजन दिसलं, पण कागद नाई. लालसू आतल्या टोल्यावरून धानाची बंडी घेऊन आला होता. मी त्याले म्हटलं, आरमोरीले ने. त्यानं बैल सोडले होते ते पुन्हा जुंपले.

केसरबाई बाकावर होती. म्हणे, काऊन परत गेला तो? धान तर वाळलेलं होतं. मंग मी सगळं सांगितलं. मले वाटलं ती रडेल नाई तर माह्या डोक्यावर हात ठेवेल. ती पान चावायची थांबली. म्हणे, बापूरावनं नाव ठेवलं तवा मले विचारलं नाई. प्रफुलनं विकलं तवा विचारलं नाई. मले वाटलं तू तरी विचारशील व.

मंग म्हणे, वायर कुठी आहे? मी थप्पीमागून काढून दिली. तिनं माह्या हाती नाई दिली. स्वतः टेबलाखाली गेली, या वयात, अन् भोक चाचपून खोचली. तिथंच बसून राह्यली वाट पाहत, आता उठेल, मंग उठेल. मशीन काही उठली नाई. मले विचारे, दोनदा उठते म्हणत होती ना तू?

तू ये. तुह्या हातानं होत असेल तर कर. आता मी कशालेच हात नाई लावत.

दामिनी


चंद्रपूर
१० डिसेंबर

दामिनीबाई,

रविवारी तुह्याकडून निघालो ते आरमोरीपर्यंत काही दिसलं नाई मले, गाडी आपल्या आपण चालली असं वाटते.

तिथं तुह्यासमोर मी जास्त बोललो नाई. आता लिहितो. बाहेर पडलेल्या मशीनले नव्या नावाखाली घ्यायचं तर आधी तिच्यातून जुनं नाव काढावं लागते. दुसरा रस्ता नाई. ते तुले आधी सांगायले पायजे होतं, पण केसरबाई चहा घेऊन मागं उभी होती. माझ्या हातानं केसर काढलं. मशीन बंद होऊन उठली. तुले आठवते, मी म्हटलं, आता केसरच्या जागी एक टिंब दे, म्हणजे मशीन सध्या कोणाचीच नाई, मग रेघ, मग तुझं नाव. तू टिंब दिलं. केसरबाई वाकून पाहत होती, म्हणाली, हे काय लहानसं? मी म्हटलं, हे थोड्या वेळापुरतं आहे.

मले खरंच तसं वाटलं होतं. पुढं नवं नाव टाकलं, माझा पासवर्ड टाकला, अन् दार उघडलं नाई. पुन्हा टाकला. तू विचारलं लाईन गेली का, मी हो म्हटलं. लाईन होती बाई. सोमवारी इकडे आलो तर कळलं, मशीन आत घ्यायचा माझा अधिकार शनिवारीच काढून घेतला होता, अन् आंबेटोला यादीतून कमी केला होता. मी तिथं गेलो तवाच सगळं संपलं होतं. मी गेलो नसतो, तर निदान तुह्या मशीनवर ते अक्षर तरी राह्यलं असतं. तुह्या घरी येऊन तेवढंही पुसून आलो मी.

साहेबायच्या हातापाया पडलो. पाहून का ऐकून, एवढंच ते पुन्हा म्हणाले. माझी नोकरी आहे, पण मोठ्या मशीनच्या खोलीची चावी आता दुसऱ्याकडे. मी कागदं लावत बसतो. तुह्यावर रागावलो होतो, चार दिवस भल्ला रागावलो होतो. आता नाई. तू खोटं लिहिलं, मी न पाहता सही केली, दोघायले वाटलं का आपण कोणाले तरी वाचवून राह्यलो.

मशीन अन् काटा नेण्याले माणसं येतील या आठवड्यात. पत्रूचीच गाडी आहे. त्याले ओरडू नको, तो काल माझ्यासमोर रडला.

केसरबाईले काय सांगू मी? तूच सांग काहीतरी.

निकेश


आंबेटोला
१६ डिसेंबर

निकेश,

नेलं सगळं. मशीन पोत्यात गुंडाळली पत्रूनं, काटा दोघायनं उचलला. निळी वायर राह्यली होती, ते धावत येऊन घेऊन गेला. खुर्ची नाई नेली. म्हणे कंपनीच्या कागदात ही खुर्चीच नाई. बापूरावनं घरून आणलेली होती ना.

मी कुलूप लावलं अन् घरी निघाली. केसरबाई म्हणे, थांब. खुर्ची घे. मी म्हटलं काय करता तिचं? म्हणे, घे तू. मंग आम्ही दोघीनं ते तिच्या ओसरीत नेली, एक हात तिनं धरला, एक मी. लोक पाहत होते. तिनं पदरानं पुसली अन् म्हणे, बस. माह्यानं बसवलं नाई गा. मी खाली जमिनीवर बसली, तिच्या पायाशी.

तुले काहीतरी सांगायचं होतं तिले, तर मी सांगितलं. म्हटलं, निकेशनं मुद्दाम नाव नाई काढलं, तुमचं ते अक्षर गेलं त्याचं त्याले भल्लं लागलं आहे. अन् मी बी वायर त्या अक्षरापायीच काढली होती. तुम्ही रोज मागं उभ्या राहून ते काड्यायचं अक्षर पाहात होत्या, ते दिसलं नाई तर तुमचं कसं होईल, एवढंच माह्या डोक्यात होतं.

तिनं पानाचा डबा बाजूले सरकवला. मंग म्हणे, पोरी, मी अक्षर पाहाले नव्हती येत. तू आली तवा तुले धड मान वर करता येत नव्हती. त्या खुर्चीवर बसून तू पह्यल्यांदा मान वर केली. ते पाहाले येत होती मी रोज. अक्षराचं म्हणत होती कारण तुले तसं तोंडावर कसं म्हणू?

निकेश, इतके वर्स ती माह्या मागं उभी होती अन् मी एकदाही मागं वळून पाह्यलं नाई तिच्याकडे. स्क्रीनकडेच पाहत राह्यली.

आता मी कामाले रोहिणी टोल्यावर जाते, मोहफुलाच्या गोदामात पोती शिवाले. सकाळी जाताना तिच्याकडून जाते. खुर्ची ओसरीत तशीच आहे. ती रोज म्हणते, जाण्याच्या आधी थोडी बस वर. मी खालीच बसते. काल म्हणे, नाव गेलं त्याचं मले काही नाई वाटलं. तू खाली बसते, त्याचं वाटते.

उद्या बसून पाहीन म्हटलं आहे तिले. जमते का नाई, ठाऊक नाई. मावशीले मासे पाठवले आहेत, पत्रूले म्हणजो सीटवर ठेवू नको.

तुझी बाई
दामिनी